आवाज बंद करून काढलेले एकवीस

१

प्रतिभाताईंनी तो नवस बोलला सप्तशृंगीच्या गडावर, पहिल्या पायरीपाशी, भर गर्दीत. मागून माणसं ढकलत होती, हातातला नारळ घामाने निसटत होता, आणि देवीला नेमकं काय बोलावं हेच त्यांना सुचत नव्हतं.

सुचणार तरी कसं? त्यांच्या लेकीच्या, तेजस्विनीच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती. दवाखाने झाले होते, सोळा सोमवार झाले होते. दोनदा आशा लागली आणि दोनदा तिसऱ्या महिन्यात निघून गेली. साडी, खण, चांदीचा पाळणा, सगळं या ना त्या देवाला बोलून झालेलं. समोर एक बाई आपल्या नातवाला पायरीवर बसवून फोटोवर फोटो काढत होती. तिच्याकडे बघता बघता प्रतिभाताईंच्या तोंडून निघून गेलं, "आई, माझ्या तेजूची कूस उजव. बाळाचा पहिला फोटो तुझ्या या पायरीवर काढीन. तोवर त्याच्यावर फोनची काच धरणार नाही, कोणाला धरू देणार नाही."

पुढच्याच कार्तिकात मुलगा झाला. बाळंतीण बाळाला घेऊन माहेरी आली, इंदिरानगरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आणि काय आवाज त्या बाळाचा! प्रतिभाताईंचे यजमान सोमनाथराव अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते पहिल्याच दिवशी म्हणाले, "अगं, हा तर आमच्या पहिल्या पाळीचा भोंगा! याला कंपनीतच चिकटवतो."

बारशाला प्रतिभाताईंनी दारातच पापडाचा मोठा स्टीलचा डबा ठेवला. येणाऱ्याने आपला फोन त्यात टाकायचा आणि मग आत यायचं. निफाडकडच्या विहीणबाई, जावई स्वराजच्या आई बायडाबाई, उंबऱ्यातच थबकल्या. "आता गं बया! बारशाला आलोय का जेलात?"

"नवस आहे हो, विहीणबाई."

"नवस हाय तर हाय. पन माझ्या फोनला पापडाचा वास लागला तर तुमच्याकडून नवा घेईन."

बाळाचं नाव ओम ठेवलं. आत्याने कानात नाव सांगताच त्याने असा टाहो फोडला, की डब्यातले सगळे फोन थरथरले, असं सोमनाथराव पुढे कितीतरी दिवस सांगत होते.

२

ओम चोवीस दिवसांचा होता, तेव्हाची गोष्ट. दुपारचे तीन वाजले होते. तेजस्विनी भिंतीकडे तोंड करून झोपली होती. पाळण्यात ओम झोपेतच हसला. आधी एका गालाने, मग दोन्ही गालांनी.

प्रतिभाताई पाळण्यावर वाकल्या. तान्ह्या बाळाचा चेहरा रोज बदलतो. आजचा उद्या नसतो. गडावर जायचं ते चैत्रात, बाळाने मान धरल्यावर. तोवर हे हसू कुठे जाईल? आपलं वय झालं, लक्षात तरी राहील का?

हात आपोआप उशाजवळच्या फोनकडे गेला.

खटॅक्.

शांत खोलीत तो आवाज अडकित्त्यासारखा वाजला. ओम दचकला आणि टाहो फोडून रडायला लागला. तेजस्विनी ताडकन उठून बसली. "आई! काय वाजलं?"

"काही नाही गं. चुकून दाबलं गेलं."

"नवस तूच बोललीस ना? स्वराज रोज पुण्याहून फोटोसाठी जीव खातात, मी एक पाठवत नाही, आणि तू..."

"अगं चुकून म्हटलं ना!"

प्रतिभाताईंनी तो फोटो पुसून टाकला. नाहीतरी हललेलाच होता. पण संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना त्यांच्या मनात एक विचार आला, आणि तो पुन्हा पुन्हा येत राहिला. वाईट काय झालं? तो आवाज झाला. बाळ दचकलं ते आवाजाने. तेजूला कळलं ते आवाजाने. आवाज झाला नसता, तर काही झालंच नसतं.

३

समोरच्या फ्लॅटमधली कशिश कॉलेजात शिकायची. दुसऱ्या दिवशी ती लिंबं मागायला आली, तेव्हा प्रतिभाताईंनी तिला स्वयंपाकघरात गाठलं.

"काय गं कशिश, या फोनचा फोटो काढतानाचा आवाज बंद करता येतो का?"

"त्यात काय काकू! कॅमेरा उघडा. वर हे चाक आहे ना, ते दाबा. आता खाली जा. शटर साउंड. हे बटण इकडे सरकवा. झालं." तिने ओट्यावरच्या लिंबांचा एक फोटो काढून दाखवला. चूं की चां नाही. "आता कोणाला कळणार नाही. देवालासुद्धा!"

"काहीतरीच बोलतेस," प्रतिभाताई म्हणाल्या आणि हसल्या. तिला दोनऐवजी चार लिंबं दिली.

त्या दुपारी त्यांनी पहिला फोटो काढला. काही झालं नाही. ओम झोपलेलाच राहिला, तेजू झोपलेलीच राहिली. प्रतिभाताईंनी देवघरात जाऊन कुंकू वाहिलं. आई, एवढी चूक पोटात घाल. आणि मग त्यांच्यासारख्या बाईने करावं तेच त्यांनी केलं. चुकीलाही नेम घालून घेतला. रोज एकच फोटो. दुपारी तीनलाच. हात धुऊन, आधी देवीचं नाव घेऊन.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी, चष्मा लावून फोटो बघताना, त्यांना एक गोष्ट खटकली. फोटोत ओमचं तोंड उघडं होतं. नुसतं उघडं नाही, रडताना मूल जसं उघडतं तसं, टाळू दिसेल इतकं. पण फोटो काढताना तो तर ओठ मिटून झोपलेला होता. त्यांनी मागचे फोटो पाहिले. सगळ्यांत तसंच.

फोन मागेपुढे टिपत असेल, त्यांनी मनाशी म्हटलं. जांभई दिली असेल. बाळं जांभया देतातच की.

४

मार्गशीर्ष लागला तसा भोंगा बसत गेला.

आधी आवाज घोगरा झाला. थंडी आहे, म्हणून प्रतिभाताईंनी ओव्याची पुरचुंडी शेकून छातीला लावली. मग रडणं आखूड झालं. एक हुंदका, दोन हुंदके, बस. "आमचे साहेब पण रिटायर झाले वाटतं," सोमनाथराव म्हणाले. विहीणबाई द्राक्षबागेतलं काम टाकून नातवाला बघायला आल्या, आणि दिवसभर बाळाचा आवाज नाही म्हणून हरखून गेल्या. "लय गुणी लेकरू हाय! आमचा स्वराज कसा रात्रंदिवस बोंबलायचा. याच्यावर कोनाची छाया पडली म्हनावं?"

"माझ्या आईची," तेजस्विनी म्हणाली. "तिच्या पोथ्या ऐकून शांत झालाय."

प्रतिभाताईंना बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगायचं? लेक नऊ वर्षांनी गाढ झोपत होती. घरात शांतता होती, आणि त्या शांततेत दुपारी तीनचा त्यांचा तो एक फोटो.

एकविसावा फोटो काढला त्याच दिवशी, संध्याकाळी, दीड महिन्याच्या लशीला जायचं होतं. दवाखान्यात बाळांची ही रांग. एकेकाला सुई टोचली की भिंती हादरायच्या. ओमची पाळी आली. तेजस्विनीने त्याचे पाय धरले. सिस्टरने मांडीत सुई घातली.

ओमचं तोंड उघडलं. टाळू दिसेल इतकं. चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, कपाळावर शीर उभी राहिली, दोन्ही डोळ्यांतून पाणी कानात ओघळलं. आणि आवाज? काही नाही. आत गेलेला श्वाससुद्धा ऐकू आला नाही.

"शूर आहे हो तुमचा बाळ!" सिस्टर म्हणाल्या आणि दुसऱ्या मांडीकडे वळल्या.

प्रतिभाताई त्या उघड्या तोंडाकडे बघत राहिल्या. हे तोंड त्यांनी पाहिलेलं होतं. एकवीस वेळा.

डॉक्टरांनी घसा पाहिला, कानाजवळ टाळी वाजवून पाहिली, छाती तपासली. सगळं जागच्या जागी होतं. "मोठ्या डॉक्टरांना दाखवू. तोवर काळजी करू नका." परतताना इंदिरानगरच्या बोगद्यापाशी रिक्षा अडकली, तेव्हा तेजस्विनीने बाळाचं तोंड स्वतःच्या कानाला लावलं आणि घर येईपर्यंत तसंच धरून ठेवलं.

५

दुसरा दिवस मार्गशीर्षातला गुरुवार. प्रतिभाताईंनी पहाटेच ठरवलं की आता फोटो बंद. देवीची क्षमा मागायची, घट मांडायचा, मन लावून पोथी वाचायची, सगळं सुरळीत होईल.

लशीने ओमला ताप आला होता. त्यांनी त्याला तापाचं गुलाबी गोड औषध पाजलं. थोडं हनुवटीवरून मानेत ओघळलं, ते पदराने टिपलं. तेजस्विनी न्हायला गेली. सोमनाथराव भाजीला गेले होते. प्रतिभाताई बाहेरच्या खोलीत पाटावर बसल्या. कहाणी वाचली, माहात्म्य वाचलं, आरती केली, सावकाश, टाळी धरून. मधे एकदा मनात आलंसुद्धा, किती समंजस बाळ, पोथीत एवढाही व्यत्यय नाही.

प्रसादाची वाटी घेऊन त्या आत गेल्या.

पाळण्याच्या दोरीवरून लाल मुंग्यांची रांग खाली उतरत होती.

ओमच्या मानेच्या वळीत मुंग्या होत्या. कानामागे होत्या. हनुवटीखाली तर कातडी दिसत नव्हती. तो पाय झाडत होता, मुठी हवेत आपटत होता आणि त्याचं तोंड, ते तोंड, उघडं होतं. किती वेळ? कहाणीपासून? की आरतीपासून? बारा पावलांवर त्या बसल्या होत्या, दार सताड उघडं होतं, आणि त्या टाळी धरून गात होत्या.

त्यांनी मुंग्या बोटांनी चिरडल्या, पदराने पुसल्या. त्याला छातीशी धरलं तेव्हा त्याचं सबंध अंग हुंदक्यांनी हलत होतं. जसा आवाज बंद करून ठेवलेला टीव्ही.

६

ओमला पुसून, खोबरेल लावून त्यांनी पलंगावर निजवलं. मग फोन घेतला. वरचं चाक. खाली. शटर साउंड. बटण पुन्हा होतं तिकडे सरकवलं. फोन बाळाकडे धरायचं धाडस नव्हतं, म्हणून समोरच्या भिंतीकडे धरला आणि दाबलं.

खटॅक् झालं नाही.

फोनमधून ओम रडला. बारशाच्या दिवशी रडला होता तो टाहो, खणखणीत, घर भरून.

न्हाणीघराचं दार धाडकन उघडलं. तेजस्विनी ओल्या केसांनी, कशीबशी साडी गुंडाळून धावत आली. "रडला! आई, ओम रडला ना? मी ऐकलं! अगं बोल ना, रडला ना?" ती हसत होती आणि रडत होती. तिच्या छातीवर साडी दुधाने भिजली होती. पलंगावर ओम ओठ मिटून छताकडे बघत पडला होता.

आता सांगा, त्या आईने काय सांगावं?

"हो गं," प्रतिभाताई म्हणाल्या. "रडला."

७

फोनमध्ये भिंतीचा फोटो होता, भिंतीसारखाच. पण ओमच्या एकवीस फोटोंपैकी पहिल्या फोटोत आता तोंड मिटलेलं होतं.

प्रतिभाताईंनी आशा धरली. आशा धरणं हा त्यांचा स्वभावच. एकवीस आवाज या फोनने गिळले आहेत, त्यांना वाटलं. एकेक बाहेर काढला की ते परत बाळाकडे जातील. एकविसावा निघाला की ओम रडेल.

पहिले चार-पाच त्यांनी लेकीसाठी खर्च केले. मोठ्या डॉक्टरांकडून तेजस्विनी मान खाली घालून परतायची, तेव्हा प्रतिभाताई स्वयंपाकघरात नळ सोडून फोन भिंतीकडे धरायच्या. बाहेर तेजस्विनी म्हणायची, "आई, ऐकलंस?" आणि त्या दिवशी दोन घास जास्त खायची. पाळण्यातलं बाळ मात्र मुकं ते मुकंच.

सहाव्या वेळी फोनमधून रडणं आलं नाही. खदखदून हसणं आलं. दोन महिन्यांचं बाळ असं हसत नाही.

त्यानंतर त्या गच्चीत जाऊन दाबायला लागल्या, दोऱ्यांवरच्या वाळत्या कपड्यांआड. आठव्या वेळी बोबडं "बा... बा..." दहाव्या वेळी "आज्जी". इतकं स्वच्छ, इतकं लाडिक, की त्यांनी फोन छातीशी धरला आणि टाकीला टेकून रडल्या. अकराव्या वेळी "आज्जी, उचल." चौदाव्या वेळी पाढा, दोनाचा, सहावर अडखळलेला. सतराव्या वेळी धापा टाकत, "आज्जी, मी पहिला आलो, जिन्याने!" प्रत्येक आवाज आधीच्याहून मोठ्या मुलाचा. प्रत्येक वेळी एका फोटोतलं तोंड मिटायचं. आणि खाली घरात चार महिन्यांचा ओम, मानेवर मुंग्यांचे काळे डाग घेऊन, न बोलता खुळखुळ्याकडे बघत असायचा.

थांबावं का? थांबायचं कुठे? आवाज त्याच्याकडे परत जात नाहीत, ते फक्त खर्च होत आहेत, हे त्यांना कळत होतं. पण अजून तीन आहेत, दोन आहेत, ही आशाही सुटत नव्हती.

विसाव्या वेळी आधी कुकरची शिट्टी ऐकू आली. त्यांच्याच घरातल्या कुकरची, तिची ती शेवटी चिरकणारी शिट्टी. मग एक म्हातारा आवाज, "हस रे राजा. एकच." प्रतिभाताईंना तो ओळखायला क्षणभर लागला, कारण तो त्यांचाच होता, फक्त आताच्याहून थकलेला. आणि मग सात-आठ वर्षांच्या मुलाचा आवाज, अगदी हळू, रडू आवरून धरलेला.

"आज्जी, नको ना काढू."

त्यांनी फोन कपड्यांत गुंडाळला आणि पापडाच्या डब्यात घालून झाकण लावलं.

८

पण चैत्र कोणाला चुकलाय? नवस फेडायला सगळे गडावर गेले. पुण्याहून जावईबापू आले, निफाडहून विहीणबाई आल्या. पहिल्या पायरीवर खण-नारळ ठेवला. तेजस्विनी ओमला मांडीवर घेऊन बसली. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, पण ती हसली.

"काढ आई. तुझाच मान पहिला. आणि आवाज चालू ठेव हं. देवीला ऐकू जाऊ दे."

"माझ्या हाताला कंप आहे गं. जावईबापूंना काढू दे."

"नवस तुमचा, विहीणबाई," बायडाबाई म्हणाल्या. "आमी काढून कसं भागंल?"

मागून गर्दी ढकलत होती. प्रतिभाताईंनी फोन उचलला. एकविसावा. काय ऐकू येईल? तरुण झालेला आवाज येऊ दे, त्या देवीला म्हणत होत्या. मिसरूड फुटलेला, घोगरा, भांडखोर, कसाही. म्हातारा येऊ दे. खोकला येऊ दे नुसता. काचेत ओम त्यांच्याकडे एकटक बघत होता.

त्यांनी दाबलं.

खटॅक्.

एवढंच. अडकित्त्यासारखं. विसाव्यानंतर, त्या सात-आठ वर्षांच्या आवाजापुढे, फोनकडे ओमचं काहीच नव्हतं.

"फिटला बाई नवस!" विहीणबाईंनी टाळी वाजवली. "आता काय, मोकळीक!" आणि भराभर फोन निघाले. जावईबापूंचा, सोमनाथरावांचा, विहीणबाईंचा, तेजूचा. सगळे ओमवर वाकले. बोटं हलत होती, पण कोणाच्याच फोनचा आवाज येत नव्हता. "आजकाल आवाज कोण ठेवतं, आई," जावईबापू हसत म्हणाले. प्रतिभाताईंनी आपल्या फोनकडे पाहिलं. पहिल्या पायरीवरच्या त्या पहिल्या फोटोत ओमचे ओठ मिटलेले होते. झोपेत मिटतात तसे नव्हे. मोठं मूल हट्टाने मिटतं, तसे घट्ट.

त्यांनी मान वर केली आणि बाळाच्या छातीकडे बघितलं. कोणाचंही बोट हललं, की ती क्षणभर हलायची थांबत होती. बघतच राहिल्या.

त्या दिवसापासून प्रतिभाताईंनी फोन हातात घेतलेला नाही. तो त्यांचा नवा नेम. दाराशी पापडाचा डबा पुन्हा ठेवला आहे, पण आता त्यात कोणी फोन टाकत नाही, सगळे हसतात. त्या पाळण्याजवळ बसून असतात, एक हात ओमच्या छातीवर, डोळे त्याच्या तोंडावर. घरात फोटो रोज निघतात, आवाज न होता. कधी निघाला ते त्यांना छातीवरच्या हाताला कळतं. बाळाचा एक श्वास चुकतो.

तर बायांनो, ज्यांच्या घरी तान्हं आहे त्यांना माझं हात जोडून मागणं आहे. प्रतिभाताई करतात तेवढं तुम्हीही करा. फोन डब्यात टाका, झाकण लावा आणि बाळाच्या तोंडाकडे बघत बसा. ते रडताना दिसलं की उचला. ऐकू येण्याची वाट बघू नका. देवी दयाळू आहे, तिच्यापाशी एखादा आवाज शिल्लक असेल.